सरासरी वर गेली, दरीही वाढली. मग मोहीम यशस्वी म्हणायची का?

कोरा_कागद

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी आरोग्य धोरणावर काम करणाऱ्या एका संशोधन गटात आहे. डॉक्टर नाही, कोष्टकं करते, त्यामुळे व्यक्तिगत निरोपात औषधं विचारू नका. सध्या टेबलावर एका रक्तदाब तपासणी मोहिमेचं मूल्यमापन आहे. खरे आकडे इथे देता येत नाहीत, म्हणून सोपे करून सांगते.

समजा, उत्पन्नानुसार लोकांचे पाच गट पाडले. मोहिमेआधी सगळ्यात वरच्या गटात शंभरातल्या ५० जणांनी वर्षभरात एकदा तरी रक्तदाब तपासून घेतला होता, सगळ्यात खालच्या गटात २० जणांनी. तीन वर्षांनंतर वर ८० झाले, खाली ३५. मधले तिन्ही गटही वाढले. सरासरीचा आलेख असा चढलाय की मुखपृष्ठावर छापावा.

मसुद्यात वाक्य आहे: ‘मोहिमेचा लाभ समाजाच्या सर्व स्तरांना झाला.’ हे खोटं नाही, पण वाचताना दाताखाली खडा येतो. आधी वरच्या आणि खालच्या गटात ३० चं अंतर होतं, आता ४५ चं आहे. मी हे सरांना दाखवलं. ते म्हणाले, वजाबाकी कशाला करतेस, भागाकार कर. केला. आधी वरचा गट खालच्याच्या अडीच पट होता, आता सव्वादोन पटीच्या जरा वर. म्हणजे विषमता घटली!

एकाच कोष्टकातून दरी वाढलीही आणि घटलीही. यातलं मी काय लिहू? आणि मुळात आपण ‘सर्वांचं आरोग्य सुधारलं’ आणि ‘आरोग्यातला अन्याय कमी झाला’ ही दोन वेगळी कामं मानतो की एकच?

एक विनंती. कुठल्याही एका देशाच्या किंवा सरकारच्या नावाने सुरुवात करू नका, धागा तिसऱ्या प्रतिसादात भरकटतो. अनुभव चालतील.

चिंचोका

मी पयला. आता वाचतो.

आकडेमोड

छान प्रश्न. आता तुमची झोप आणखी उडवतो.

तुम्ही तपासणी झालेल्यांचा भागाकार केलात. आता तपासणी न झालेल्यांचा करा. आधी वरच्या गटात ५० जण राहिले होते, खालच्या गटात ८०. म्हणजे वंचित राहण्याचं प्रमाण खाली १.६ पट. तीन वर्षांनी वर २० राहिले, खाली ६५. म्हणजे ३.२५ पट. दुपटीहून जास्त झालं!

माणसं तीच, कोष्टक तेच. सरांच्या भागाकाराने विषमता घटली, माझ्या भागाकाराने दुप्पट झाली. भागाकाराची ही खोड जुनी आहे. पेला किती भरला ते मोजलंत तर एक उत्तर, किती रिकामा राहिला ते मोजलंत तर दुसरं. वजाबाकीला ही खोड नाही, ती दोन्हीकडून ४५ च येते.

म्हणून वजाबाकीच खरी, असं मात्र समजू नका. मृत्युदरासारखी गोष्ट सगळीकडेच कमी होत गेली की वजाबाकीतलं अंतर आपोआप आक्रसतं आणि भागाकार फुगतो. समजा एका गटात हजारामागे १०० मृत्यू होते आणि दुसऱ्यात ५०. ते ६० आणि २४ वर आले. अंतर ५० वरून ३६ झालं, पण दुप्पट होतं ते अडीचपट झालं. ज्याला कौतुक करायचंय तो वजाबाकी दाखवेल, ज्याला टीका करायचीय तो भागाकार. जागतिक आरोग्य संघटनेची विषमता मोजण्याबद्दलची पुस्तिका दोन्ही द्या म्हणते, ते याचसाठी. तिसरी गोष्ट मी माझ्याकडून सांगतो: मूळ आकडे शेजारी छापा, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः हिशेब करता येतो.

मधल्या तीन गटांबद्दल तुम्ही एका वाक्यात उरकलंत. ते पुन्हा बघा. टोकाचे दोनच गट घेतले की मधली साठ टक्के माणसं हिशेबातून गायब होतात.

चिंचोका

वाचलं. विरोधी बाकावरून दोन शब्द.

खालच्यांचे २० चे ३५ झाले ना? म्हणजे त्यांचं भलंच झालं. वरचे जास्त वेगाने पळाले म्हणून खालच्यांचं नेमकं काय बिघडलं? दरी बुजवायची सोपी युक्ती सांगू? वरच्यांची तपासणी बंद करा. दरी शून्य, अहवाल झकास! मला तरी सगळे वर जाताहेत यातच आनंद आहे. ‘समन्याय’ वगैरे शब्द ऐकले की वाटतं, कुणाचं तरी बरं झाल्याचं दुःख चाललंय.

जुनीवही

चिंचोका, तुमचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. वरच्यांना खाली ओढून साधलेली बरोबरी कुणालाच नको असते आणि या विषयातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने ती मागितलेली नाही. आरोग्यातल्या विषमतेच्या अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी नव्वदीच्या सुमारास जी व्याख्या केली ती अजून वापरात आहे. आरोग्यातला प्रत्येक फरक म्हणजे अन्याय नव्हे. ऐंशीच्या माणसाला विशीतल्या पोरापेक्षा जास्त दुखणी असणारच. जो फरक अनावश्यक आहे, टाळता येण्याजोगा आहे आणि वर अन्याय्यही आहे, तेवढाच यात धरायचा.

आता बिघडलं काय ते. रक्तदाबाचा त्रास खालच्या गटात जास्त असतो, हे बहुतेक संपन्न देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. मग जिथे गरज जास्त तिथे तपासणी ३५ आणि जिथे गरज कमी तिथे ८०. वेल्समधल्या खाणकामगारांच्या एका गावात आयुष्य काढलेले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं. चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त हवी तिथे ती सर्वांत कमी मिळते, आणि बाजाराच्या हवाली जितकं सोडावं तितकं हे जास्त घडतं. याला त्यांनी नियमाचं नाव दिलं ते थोडं उपरोधाने, पण पुढे तो खरोखरच नियमासारखा शिकवला जाऊ लागला.

कोरा_कागद, तुमच्या आकड्यांना आणखी एक जुनं स्पष्टीकरण लागू पडतं. सीझर व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या बालआरोग्याच्या माहितीवरून २००० साली मांडलं की कुठलीही नवी सोय आधी सुस्थितीतल्यांकडे पोचते. त्यामुळे सुरुवातीला दरी वाढते. वरचे छताला टेकले, म्हणजे आणखी वाढायला जागाच उरली नाही, की मग खालचे हळूहळू गाठायला लागतात. तुमची मोहीम या पहिल्या टप्प्यात असू शकेल. पण ‘थांबा, आपोआप भरून येईल’ असा अर्थ त्यातून काढू नका. खालचे छतापर्यंत येईतो वरच्यांसाठी दुसरी नवी सोय निघालेली असते आणि शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पाणवठा

+१. ‘छताला टेकले’ आवडलं.

चिंचोका

ठीक, एवढ्यापुरतं मान्य. मग सरळ उपाय आहे की. वरच्या चार गटांना सांगा, तुमचं तुम्ही बघा. सगळी यंत्रं, सगळा पैसा सगळ्यात खालच्या गटाला द्या. एवढा काथ्याकूट कशाला?

बिनपदवीचा_वैद्य

कारण हा प्रश्न खड्ड्याचा नाही, जिन्याचा आहे.

लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात त्याला. सुमारे १८ हजार पुरुष, सगळे कायम नोकरीतले, बसून काम करणारे, सगळ्यांना मोफत सरकारी आरोग्यसेवा. यांत भुकेकंगाल कुणी नाही. तरी हृदयविकाराच्या मृत्यूंत सर्वांत खालच्या हुद्द्यावरचे निरोपे आणि दारवान हे वरिष्ठ प्रशासकांच्या सुमारे तिप्पट निघाले. आणि खरा धक्का तो नव्हे. वरून दुसऱ्या पायरीवरचे लोकसुद्धा पहिल्या पायरीपेक्षा वाईट होते. तिसरी दुसरीपेक्षा. प्रत्येक पायरीला थोडं थोडं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. स्त्रियांना घेतलं नव्हतं ही उणीव १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात भरून काढली. त्यात १०,३०८ जण होते, आणि जिना तिथेही सापडला.

तुम्ही म्हणता तसं फक्त तळाच्या गटाला दिलं तर चौथ्या, तिसऱ्या पायरीवरचं दुखणं तसंच राहतं, आणि संख्येने ते जास्त असतं. म्हणून मायकल मार्मट यांच्या समितीने २०१० मध्ये इंग्लंडसाठी जो अहवाल दिला त्यात मधला रस्ता सुचवला: सेवा सर्वांना, पण जोर गरजेच्या प्रमाणात. वाक्य म्हणून छान आहे. राबवताना ‘प्रमाण’ कुणी ठरवायचं यावर बैठका संपत नाहीत.

आकडेमोड

वैद्यबुवांना जोडून. जेफ्री रोझ हेही व्हाइटहॉलच्याच मंडळींतले. त्यांनी १९८५ मध्ये एक भेद केला, तो समजला की या धाग्यातलं अर्धं भांडण मिटतं. ‘या माणसाला रक्तदाब का झाला?’ आणि ‘या समाजात रक्तदाब एवढा का आहे?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उत्तरंही वेगळी.

त्यांचं उदाहरण डाऊन सिंड्रोमचं. आईचं वय जास्त असेल तर धोका कितीतरी वाढतो. तरी अशी बहुतेक बाळं तरुण आयांच्या पोटी येतात, कारण मुळात बाळंतपणं तरुण वयातच जास्त होतात. मोठा धोका असलेल्या थोड्या माणसांपेक्षा छोटा धोका असलेल्या भरपूर माणसांकडून जास्त रुग्ण येतात. म्हणून सगळ्या समाजाची पातळीच जराशी हलवली तर फायदा अफाट होतो.

पण २००८ मध्ये फ्रोलिक आणि पॉटव्हिन यांनी यालाच चिमटा काढला. सगळ्या समाजासाठी म्हणून केलेला उपाय सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. ज्याच्याकडे आधीच सवड, पैसा, माहिती आहे तो जास्त उचलतो. पातळी हलते आणि दरीही रुंदावते. कोरा_कागद, तुमचंच कोष्टक.

त्यामुळे माझा तुम्हाला प्रश्न. ही मोहीम प्रत्यक्षात चालायची कशी? माणसाला नेमकं काय काय करावं लागायचं?

कोरा_कागद

अरे बापरे, एवढे प्रतिसाद! एकेकाला सावकाश उत्तर देते.

आकडेमोड, मोबाईलवरच्या अ‍ॅपवरून वेळ घ्यायची. मग केंद्रावर जायचं. केंद्र कामाच्या दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ५. रीडिंग जास्त आलं तर आठवड्याने पुन्हा यायचं, पुन्हा अ‍ॅपवरून वेळ घेऊन. तपासणी पूर्ण मोफत.

लिहितानाच लक्षात आलं.

बिनपदवीचा_वैद्य

मोफत कसली? रोजंदारीवाल्याला अर्ध्या दिवसाची मजुरी पडते, तीही दोनदा. वरच्या गटातला माणूस बैठक चालू असताना उठून जाऊन येतो आणि त्याचा पगार कापला जात नाही.

जी योजना माणसाच्या स्वतःच्या धडपडीवर जेवढी टेकलेली, तेवढी ती दरी वाढवते. याचं मला पटलेलं उदाहरण फोलिक अ‍ॅसिडचं. गर्भाच्या मज्जारज्जूतले दोष टाळायला ते गर्भधारणेच्या आधीपासून शरीरात हवं. अमेरिकेत १९९२ मध्ये सल्ला निघाला की मूल होऊ शकेल अशा वयातल्या सर्व स्त्रियांनी ते रोज घ्यावं. म्हणजे माहिती हवी, पैसे हवेत, रोज आठवण हवी आणि मूल व्हायचंय हे आधी ठरलेलं हवं. कोण घेणार ते उघड आहे. १९९८ पासून ते पिठातच मिसळणं बंधनकारक केलं. कुणाला काही आठवायची गरज उरली नाही.

रक्तदाब पिठात मिसळून तपासता येत नाही हे मान्य. पण यंत्र कामाच्या जागी नेता येतं, केंद्र रात्री उघडता येतं, अ‍ॅप उडवता येतं.

चिंचोका

मला अ‍ॅपवर राग आहेच, त्यामुळे इथे माझं बिनशर्त अनुमोदन.

पण एक शंका. तपासणी वाढली म्हणजे आरोग्य सुधारलं हे कुठून आलं? पट्टा बांधला आणि आकडा लिहिला, एवढंच ना?

जुनीवही

शंका रास्त. ओरेगनचा प्रयोग बघा. अमेरिकेच्या त्या राज्यात २००८ मध्ये गरीब प्रौढांसाठीच्या सरकारी विम्यात मोजक्या जागा होत्या आणि सुमारे ९० हजार लोकांनी नावं दिली. राज्याने सोडत काढली. संशोधकांना असं घबाड क्वचितच मिळतं, कारण कुणाला विमा मिळाला आणि कुणाला नाही हे निव्वळ नशिबावर ठरलं.

साधारण दोन वर्षांनी मोजलं तर विमा मिळालेले लोक डॉक्टरकडे जास्त गेले, नैराश्य कमी झालं, उपचारांपायी कंबरडं मोडणारा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. दोन्ही बाजूंनी हा निकाल झेंड्यासारखा मिरवला. माझं मत विचाराल तर कर्जाच्या धाकातून सुटणं हीसुद्धा आरोग्याचीच गोष्ट आहे, पण ते मत झालं.

तुमच्यासाठी त्याहून जुना आणि जास्त उपयोगी प्रयोग अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेचा, सत्तरच्या दशकात सुरू होऊन १९८२ मध्ये संपलेला. खिशातून थोडे पैसे भरावे लागले की लोक डॉक्टरकडे कमी गेले, आणि गरजेच्या सेवाही बिनगरजेच्या सेवांइतक्याच टाळल्या. बहुतेकांच्या तब्येतीत फरक पडला नाही. पडला तो गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांत, आणि नेमका रक्तदाबात: सेवा मोफत होती त्यांचा ताब्यात राहिला. सरासरी बघणाऱ्याने ‘काही फरक नाही’ म्हणून पान उलटलं असतं.

मधली_ओळ

इतका वेळ वाचत होतो. आता मला बोलू द्या, कारण तुम्ही सगळे कोष्टकाच्या पुढचं बोलताय आणि मी कोष्टकाच्या मागे चार वर्षं पायी फिरलोय. सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचो. कुठल्या संस्थेसाठी ते सोडा.

नियम असा होता: यादीतल्या घरी जायचं. बंद असलं तर दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या. तीनदा बंद सापडलं तर फॉर्मवर ‘४’ हा अंक लिहायचा आणि शेजारचं घर घ्यायचं. फेरीची वेळ ठरलेली, १० ते ५. आता दिवसा तीन वेळा कुलूप असणारं घर कुणाचं? घरातली सगळी मोठी माणसं कामाला गेलेली असतात त्यांचं. आणि शेजारी दिवसा कोण सापडतं? निवृत्त माणूस, किंवा ज्या घरात एकाच्या कमाईत भागतं ते घर. मी प्रत्येक वेळी नियम पाळून एक थकलेलं घर काढून एक विश्रांत घर घालत होतो. कुणी खोटं बोलत नव्हतं. माहिती मात्र दर फेरीला थोडी थोडी सुखवस्तू होत गेली.

एक घर लक्षात राहिलंय. तिसऱ्या खेपेला खिडकीतून एक पोरगी म्हणाली, आई रात्री नऊला येते. का कोण जाणे, त्या दिवशी मी ‘४’ लिहिलं नाही. रात्री पुन्हा गेलो. बाईंनी चप्पलसुद्धा काढली नव्हती, दारातच स्टुलावर बसल्या. मी पट्टा बांधला, यंत्राने घरघर सुरू केली. रीडिंग येईपर्यंत बाई बसल्या जागी झोपल्या होत्या. दंड तसाच माझ्या हातात. नियमाप्रमाणे पाच मिनिटांनी दुसरं रीडिंग घ्यायचं असतं. ते झोपेतच घेतलं, उठवायचं जिवावर आलं. दोन्ही आकडे असे होते की त्यांना लगेच डॉक्टरकडे जा असं सांगणं भाग होतं. सांगितलं. त्यांनी विचारलं, दवाखाना रात्री उघडा असतो का?

फॉर्मवर मी खरी वेळ लिहिली, ९.१०. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली. ठरलेल्या वेळेबाहेरची नोंद, फॉर्म बाद. शेजारचं घर घ्या.

कोरा_कागद, तुमच्या ३५ मध्ये त्या बाई नाहीत. आणि उरलेल्या ६५ मध्येही नाहीत.

पाणवठा

निःशब्द.

आकडेमोड

मधली_ओळ, आमच्या भाषेत याला ‘प्रतिसाद न मिळाल्यामुळे येणारा कल’ म्हणतात आणि एका परिच्छेदात उरकतात. तुमचा प्रतिसाद वाचून लाज वाटली.

कोरा_कागद, मूळ फाईल तुमच्याकडे असेल तर ‘४’ किती आहेत ते वस्तीनिहाय मोजून बघा. वस्त्यांचं सर्वसाधारण उत्पन्न माहीत असतंच. खालच्या वस्त्यांत ‘४’ जास्त असतील तर तुमचा ३५ हा आकडाही फुगलेला असू शकतो.

हीच चूक यंत्रं जास्त वेगाने करतात, म्हणून एक सांगून टाकतो. अमेरिकेत जास्तीची काळजी कोणत्या रुग्णांना द्यायची हे ठरवायला एक संगणकीय पद्धत वापरत होते. ती ‘कोण जास्त आजारी’ याऐवजी ‘कुणावर जास्त खर्च होईल’ याचा अंदाज करायची. खर्च म्हणजे गरज, असं गृहीत. पण ज्यांना सेवाच कमी मिळते त्यांच्यावर खर्चही कमी होतो. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे उघड झालं: सारखेच गुण मिळालेले कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात जास्त आजारी होते. चूक दुरुस्त केली तर जास्तीची काळजी मिळणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातो, असा हिशेब निघाला. त्या पद्धतीला रुग्णाचा वर्ण सांगितलेलाही नव्हता.

चिंचोका

मी माझं ‘खालच्यांचं काय बिघडलं’ मागे घेतो. म्हणजे पूर्ण नाही. अर्धं.

जुनीवही

अर्धं तर अर्धं, जमा धरते.

आता थोडं अवांतर, पण अहवाल लिहिणाऱ्यांनी ऐकून ठेवावं असं. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने आरोग्यातल्या विषमतेवर सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. अहवाल तयार होईतो सरकार बदललं. नव्या सरकारला तो नको होता. १९८० च्या ऑगस्टमध्ये ऐन सुट्टीच्या सुमाराला टंकलिखित पानांच्या अवघ्या २६० प्रती काढल्या आणि वाटल्या. दडपायला गेले आणि गाजला. आज विषमतेवरचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीला ब्लॅक असतोच.

आणि कुठलं माप धरलं यावर अख्ख्या धोरणाचं भवितव्य कसं ठरतं ते इंग्लंडमध्येच बघा. २००१ मध्ये तिथे लक्ष्य ठरलं की आयुर्मान आणि बालमृत्यू यांतली दरी २०१० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करायची. मुदत संपली तेव्हा आयुर्मानाचं लक्ष्य हुकलं, धोरण फसलं असाच निर्वाळा निघाला. २०१७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी कालखंड आणि तुलनेचे गट वेगळे धरून पुन्हा मोजलं. त्यांना दिसलं की धोरण चालू असताना दरी कमी होत होती आणि ते थांबल्यावर पुन्हा वाढायला लागली. तोवर ते गुंडाळून बरीच वर्षं झाली होती.

त्यामुळे कोरा_कागद, सरांशी भागाकारावरून वाद घालताय ते क्षुल्लक समजू नका.

कोरा_कागद

मंडळी, चार दिवसांनी येतेय. मूळ फाईल मागवून घेतली. ‘बंद घर’ असा रकाना खरंच होता. कुणी कधी उघडलेला नव्हता, मीसुद्धा नाही. आमच्याकडे अंक ‘४’ नाही, ‘७’ आहे, एवढाच फरक. आकडेमोड म्हणाले तसं वस्तीनिहाय लावून बघितलं. खालच्या वस्त्यांत ‘७’ जास्त आहेत. किती ते इथे लिहिता येत नाही, पण दोनदा मोजलं.

मधल्या तीन गटांचंही बघितलं. जिनाच आहे. पायऱ्यासुद्धा जवळपास सारख्या उंचीच्या.

‘सर्व स्तरांना लाभ झाला’ हे वाक्य मी काढलेलं नाही. त्याखाली कोष्टक घातलंय: पाचही गट, आधी आणि नंतर, तपासलेले आणि राहिलेले, वजाबाकी, दोन्ही बाजूंनी भागाकार आणि शेवटी बंद घरं. केंद्राच्या वेळा आणि अ‍ॅपबद्दल एक परिच्छेद वेगळा लिहिला. सरांनी कोष्टक बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता परिशिष्टात टाक म्हणतील. म्हणाले, एवढे रकाने उभ्या पानात मावणार नाहीत, पान आडवं कर.

मधली_ओळ

‘७’ च्या खाली बारीक अक्षरात फेरीची वेळ छापा. १० ते ५.

कोरा_कागद

छापते.

रानवाट

उशिरा आलो, सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. पण मला वाटतं साधा भागाकार केला तरी उत्तर मिळेल, नाही का?

चिंचोका

बसा. पाणी घ्या. आणि वरून दुसरा प्रतिसाद वाचा.